डोंगराला खोडवा नसतो

दगड चाटणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला तो आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या जिन्यात. मी तिथं समन्वयक म्हणून नवीनच लागले होते. हातात हजेरीपटांचा हा एवढा गठ्ठा, आणि वाटेत एक उंच, वाळकासा म्हातारा माणूस लालसर दगडाला जीभ लावून डोळे मिटून उभा. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात खाणीत घालतात तसले जाडजूड बूट.

"अहो, काय करताय हे?" मी म्हटलं.

"बघतोय."

"जिभेनं?"

"डोळ्याला फसवता येतंय ताई, जिभेला न्हाय. जिभेला चिकटला की समजायचं, आत माती जास्त हाय. विकताना कंपनी म्हणंल माल लई भारी, आणि कर भरताना म्हणंल माल लई हलका. आपुन चाटून बघायचं." आणि तोच दगड त्यांनी माझ्यापुढं धरला. "घ्या. बघा की."

मी "ई!" करून अशी मागं सरले की गठ्ठा सगळा जिनाभर. त्यांनी खाली बसून एकेक कागद उचलून दिला, वर उमटलेला बुटाचा ठसा स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसला आणि म्हणाले, "नवीन व्हय? मी हितं शिकवतो." मी मनात म्हटलं, झालं! असल्यांना सांभाळायचं का आता आपण?

सांभाळलं की. सांभाळलं म्हणजे भांडले, रोज. माझं डोकं तसं आधीपासूनच तापट, घरचे सगळे सांगतील. पण सरांच्या इतकं मला कुणी तापवलं नाही, आणि सरांच्या इतकं कुणी हसवलंही नाही.

आमचं केंद्र काय करतं, हे माझ्या गडमुडशिंगीच्या सासूबाईंना मी अनेकदा सांगून बघितलंय. जमिनीखाली जे काही असतं, मुरूम, दगड, बॉक्साइट, दुसरीकडं कुठं कोळसा, कुठं तेल, कुठं गॅस, ते असतं सगळ्या जनतेचं. काढतो मात्र कुणीतरी एक कंपनीवाला. मग सरकारनं त्याच्याकडून काय घ्यायचं, किती घ्यायचं, कधी घ्यायचं आणि घेतलेलं कसं वापरायचं, हे सरकारी माणसांना शिकवायचं. तलाठी येतात, मंडळ अधिकारी येतात, खनिकर्म खात्यातले निरीक्षक येतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सरकारला पैसं घ्यायला पण शिकवाय लागतंय व्हय?"

विषय तसा रूक्षच. जेवणानंतरच्या तासाला भले भले अधिकारी माना टाकायचे. पण सरांच्या तासाला कुणी झोपलेलं मी पाहिलं नाही. ते खनिकर्म खात्यातून निवृत्त झाले होते आणि आमच्याकडं मानधनावर शिकवायचे. दरवर्षी त्यांचा नवीन आदेश निघायचा. गाव गारगोटीच्या बाजूचं, घरी ऊस. येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी पावणं. हुद्दा वगैरे काही नाही. एकदा मोठे अधिकारी आले होते, त्यांनाही "पावणं, तेवढी खिडकी लावा की" म्हणून सांगितलं, आणि त्यांनी निमूट उठून लावली.

पहिल्या तासाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "पावणं, कुणाकुणाच्या घरात ऊस हाय?"

कोल्हापूरच्या बाजूचे असले की निम्मे हात वर.

"ऊस तोडल्यावर काय येतंय?"

"खोडवा!" तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं दुसऱ्या साली पुन्हा फुटतो तो खोडवा, हे आमच्यात पोरांनाही ठाऊक.

"आणि डोंगर तोडल्यावर?"

सर खडू टेबलावर आपटायचे.

"खड्डा येतोय, खड्डा! डोंगराला खोडवा नसतोय. एकदा काढला की काढला. म्हणून उसाचा पैसा आणि डोंगराचा पैसा एका खिशात घालायचा न्हाय. लिवा." आणि माना खाली घालून सगळे लिहायला लागायचे.

प्रोजेक्टरवर त्यांचा राग. आल्या आल्या खांद्यावरचा टॉवेल त्याच्यावर टाकायचे. "ह्याला थंडी वाजती," म्हणायचे. मी टॉवेल काढायची, मी बाहेर गेले की ते पुन्हा घालायचे. एकदा मी भर वर्गात आवाज चढवला, की सर, ह्या मशीनला सरकारनं पैसे घातलेत, तुमच्या टॉवेलला नाही. सर शांतपणे म्हणाले, "फेस बसू दे." असा राग आला मला! कारण ते वाक्य कुठलं आहे ते मला माहीत होतं.

ते वाक्य दूध कट्ट्यावरचं. बाहेरगावच्या लोकांना सांगायला पाहिजे, आमच्याकडं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि तुमच्यासमोर ग्लासात धार काढून देतात. ते ऊनऊन, फेसाळ दूध उभ्या उभ्या प्यायचं. प्रत्येक तुकडीला सर एका संध्याकाळी तिथं घेऊन जायचे. खाण मोजायची कशी, हा धडा तिथं व्हायचा. ग्लास काठोकाठ भरला की सर विचारायचे, "किती हाय?"

"ग्लासभर."

"थांबा. फेस बसू दे."

सगळे अधिकारी ग्लास हातात धरून फेस बसायची वाट बघत उभे. म्हशीवाला कंटाळलेला. मग फेस खाली जायचा, आणि दूध ग्लासाच्या काठापासून चांगलं खाली दिसायचं. "आता कळालं? डोंगरातला मुरूम खणला की असाच फुगतोय. जमिनीत येवढा, गाडीत तेवढा. कुठं मोजायचा ते आधी ठरवा आणि मग कर लावा. न्हायतर फेसावर भांडण आणि दूध तिसराच पिऊन जातोय." एकदा पन्हाळ्याच्या एका मंडळ अधिकाऱ्यांनी फेसासकट ग्लास रिकामा करून मिशा पुसल्या आणि म्हणाले, "सर, मी मोजायच्या आधीच प्यालो." सर म्हणाले, "मग तुम्ही कंपनी."

तर भर वर्गात मला "फेस बसू दे" म्हणाले म्हणजे काय म्हणाले, ते तुम्हाला समजलं असेल. मी दार आपटून गेले. दुपारी त्यांनी पांडबाबरोबर, म्हणजे आमच्या शिपायाबरोबर, माझ्यासाठी मिसळ पाठवली. कट वेगळा, पाव जादा. मी खाल्ली. अन्नावर कशाला राग काढायचा?

स्कूटरची गोष्ट तर अजून केंद्रात सांगतात. कंपन्या एक युक्ती करतात. खाणीतला माल स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला पडत्या भावानं विकायचा, म्हणजे सरकारला वाटा त्या पडत्या भावावर द्यावा लागतो. खरा भाव पुढं दुसऱ्या कंपनीनं घ्यायचा. ह्याचं पुस्तकातलं नाव फार अवघड आहे. सर म्हणायचे, "घरातल्या घरात विक्री." आणि नुसतं सांगून त्यांचं समाधान होईल तर शपथ! त्यांनी काकूंना वर्गात बोलावून घेतलं. काकू म्हणजे त्यांच्या बायको, ठेंगण्या, ठसठशीत, बोलायला सरांच्या वरचढ. सरांनी भर वर्गात आपली स्कूटर काकूंना एका रुपयाला विकली. काकूंनी रुपया दिला, चावी घेतली. सर वर्गाकडं वळून म्हणाले, "आता सांगा, स्कूटरची खरी किंमत काय आणि सरकार कुठल्या किमतीवर कर घेणार?" चर्चा रंगली. टाळ्या पडल्या. तास संपला. सरांनी चावीसाठी हात पुढं केला, तर काकू म्हणाल्या, "कसली चावी? विकली की तुमी. एवढं साक्षीदार हाईत."

चावी परत मिळाली नाही ती नाहीच. काकू स्कूटर शिकल्या आणि भाजीला, देवळाला, भिशीला तिच्यावरून हिंडायला लागल्या. सर सिटी बसनं यायचे. पुढच्या प्रत्येक तुकडीला ते हे स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "म्हणून म्हंतोय, घरातल्या विक्रीवर लक्ष ठेवा."

पण सगळ्यात गाजलेला तास म्हणजे नारळाचा लिलाव. आमच्याकडं जत्रेत, गणपतीत मानाच्या नारळाचा लिलाव होतो, आणि तिथं नारळासाठी कुणी बोली लावत नाही, ईर्षेनं लावतात. पलीकडच्या गल्लीच्या हातात नारळ जाऊ द्यायचा नाही, बस्स. सर पिशवीतनं नारळ काढून टेबलावर ठेवायचे. (एका नवीन तलाठ्यानं नारळ बघून घाबऱ्या घाबऱ्या मला विचारलं होतं, "मॅडम, काढत्यात काय आमाला?") "पावणं, हा डोंगर. आत काय हाय, ते देवाला ठावं. वाजवून बघा, हलवून बघा, चाटून बघा. आणि बोला. कोटीत बोला, खिशातलं काय जातंय!"

मग जी बोली पेटायची! कागल म्हणजे कागल आणि शिरोळ म्हणजे शिरोळ. आवाज गेटपर्यंत यायचा. जो जिंकेल तो कंपनी, उरलेला वर्ग सरकार. मग नारळ फोडायचा. नारळ कसाही निघो, पहिला तुकडा सरकारचा, ते स्वामित्वधन. मग मजुरी, डिझेल, रस्ता, असं म्हणत म्हणत लोक तुकडे उचलायचे, आणि राहिलेलं कंपनीचं. त्या आधी मात्र सर एक बऱ्यापैकी तुकडा खिशातला धुतलेला रुमाल पसरून त्याच्यावर ठेवायचे. "ह्यो पोरांचा वाटा. जी अजून जन्माला यायची हाईत, त्यांचा. डोंगर त्यांचा बी हुता की." तास संपला की तो रुमाल घेऊन सर गेटबाहेर जायचे आणि रस्त्यानं जाणारं पहिलं पोर दिसेल त्याच्या हातात तो तुकडा द्यायचे. कुणाचं पोर, कुठलं पोर, काही बघायचे नाहीत. पांडबा म्हणायचा, "सर, निदान वैनींना चटणीला तरी न्या." सर ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचे.

असं सगळं बरं चाललेलं असताना पुण्याहून पत्र आलं. प्रशिक्षण आता चित्रफितींवर होणार. छोटे छोटे व्हिडिओ, प्रत्येकानं आपल्या मोबाइलवर बघायचे, शेवटी प्रश्नोत्तरं. प्रवास नको, जेवण नको, मानधन नको. कोल्हापूरचा वर्ग ठेवायचा का बंद करायचा, हे ठरवायला एक साहेब येऊन बघून जाणार होते. उगाच खोटं कशाला बोलू, कल्पना वाईट नव्हती. सिंधुदुर्गातून घाट चढून प्रशिक्षणाला येणाऱ्या बायका माझ्याकडं रडायच्या ते मी ऐकलं होतं. पण वर्ग गेला तर सरांचा आदेश निघणार नव्हता, आणि सर घरी बसणार होते.

त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. "हे बघ बाई, ह्या माणसाला घरात बसवू नको. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या डाळीच्या डब्यांवर कर बसवत हिंडत हुते." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "थट्टा न्हाय करत. वर्गातनं आले की जिना चढताना शीळ घालतात. मी वर सैपाकघरात ऐकते. ती शीळ बंद पडली तर मला करमायचं न्हाय. तू कायतरी कर."

आता मी काय करणार? मला सुचलं ते केलं. साहेब यायच्या आदल्या दिवशी सरांना समोर बसवलं आणि हात जोडले. "सर, उद्याचा एक दिवस. नारळ नको, म्हशी नकोत, दगड चाटणं नको. मी स्लाइड्स करून दिल्यात, त्या नीट शिकवा. साहेब खूश होऊन जाऊ देत. परवापासून काय ते करा." मला वाटलं, भांडतील. पण ते एवढंच म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणताय तर." सकाळी ते आल्या आल्या मी त्यांच्या पिशवीतला नारळ काढून माझ्या पर्समध्ये घातला. त्यांनी बघितलं आणि रिकामी पिशवी खुंटीला अडकवली.

साहेब तरुण, चेहऱ्यानं सज्जन, हातात टॅब. मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले. आणि सरांनी शब्द पाळला. तोच तर घोटाळा झाला! हात मागं बांधून पडद्याशेजारी उभे राहिले आणि माझ्या स्लाइड्स वाचायला लागले, अगदी शुद्ध भाषेत. "स्वामित्वधन म्हणजे खनिजाच्या उत्खननापोटी शासनास देय असलेली रक्कम. पुढची." पांडबा बटण दाबायचा. "पुढची." पावणं नाही, ऊस नाही, खोडवा नाही. गारगोटीच्या तलाठीबाई, ज्या एरवी आपल्या बाजूचे म्हणून सरांना चिडवायच्या, त्यांनी जांभई दाबली. पन्हाळ्याचे ते दूधवाले मंडळ अधिकारी, उजळणीसाठी पुन्हा आले होते, त्यांची मान पडली. साहेबांनी टॅबवर काहीतरी लिहिलं. मी तिरक्या नजरेनं बघितलं. लिहिलं होतं, "व्हिडिओ पुरेसा."

मला काय झालं मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, डोकं फिरलं. मी उठले, तरातरा पुढं गेले, सरांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि प्रोजेक्टरवर टाकला. पर्समधला नारळ काढून धाडकन टेबलावर ठेवला. "ह्याला थंडी वाजती," मी म्हटलं. "हा डोंगर. माझी बोली पाच कोटी. बोला!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांचे मागं बांधलेले हात सुटले. "ताईंचं पाच!" ते ओरडले. "भुदरगड झोपलं काय?"

"सात!" भुदरगड म्हणजे गारगोटीचा तालुका, तलाठीबाई जाग्या झाल्या.

"धा!" पन्हाळा मान वर करून.

"पंधरा! पन्हाळ्याला मुरमाशिवाय काय ठावं हाय?"

"आसं? वीस!"

झालं, पेटलं. लोक बाकांवर उभे राहिले. तेवढ्यात सरांनी मागच्या रांगेकडं बोट केलं. "पुण्याच्या पावण्यांनी लिलावात नुसतं बघाय यायचं नसतंय. का पुण्यात दम न्हाय?" साहेब हसले, मान हलवली, टॅबकडं बघितलं. आणि मग हळूच हात वर केला. "तीस."

नाद खुळा! वर्ग डोक्यावर घेतला सगळ्यांनी. पन्हाळा पस्तीस, साहेब चाळीस. पन्हाळा पन्नास, आणि साहेब उभे राहून, "शंभर!" पन्हाळ्यानं हात जोडले. टाळ्या, शिट्ट्या. साहेब कॉलर ताठ करत पुढं आले आणि नारळ दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवला.

सरांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर फोडला. पाणी घोटभर. खोबरं पातळ, कागदासारखं. वर्गानं हूं केलं. पहिला तुकडा सरकारनं घेतला. दुसरा सरांनी रुमालावर ठेवला. मग "मजुरी!" "डिझेल!" "रस्ता!" म्हणत लोकांनी बाकीचं उडवलं, आणि शंभर कोटींचे मालक हातात करवंटी घेऊन उभे राहिले.

"मला सवलत पाहिजे," साहेब म्हणाले.

"न्हाय!" वर्ग एका आवाजात. वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणायची संधी रोज कुठं मिळते?

पण साहेब हुशार. त्यांनी रोजगाराचं सांगितलं, गुंतवणुकीचं सांगितलं, बंद करून निघून जातो म्हणाले. कंपन्या बोलतात तस्सं, अगदी शब्दाला शब्द. आणि मग रुमालाकडं बोट केलं. "हा तुकडा नुसता पडून आहे. कुणाच्या उपयोगाचा नाही. यंदापुरता मला द्या. मजुरांचे पगार होतील. पुढच्या वर्षी मी दोन तुकडे परत ठेवतो."

वर्ग चुळबुळला. "पगार तर व्हायलाच पायजेत की हो सर," तलाठीबाई म्हणाल्या. "द्या की, एवढासा तर हाय," पन्हाळा म्हणाला. दोन-चार हात वर झाले, मग आणखी काही. साहेब हसत हसत पुढं वाकले आणि त्यांनी तुकडा उचलला.

सरांनी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा न्हाय."

सर हसत नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं, ते तेव्हा बघितलं. "बोलीत तुमचं चुकलंय. तुम्ही सोसा. आम्ही टाळ्या वाजवल्या, आम्ही बी सोसू. पण ज्यानं बोली लावली न्हाय, टाळी वाजवली न्हाय, जो अजून आईच्या पोटात बी आलेला न्हाय, त्यानं का सोसायचं? त्याला विचारलंय कुणी?"

वर केलेले हात एकेक करून खाली गेले. ज्या माणसाच्या एका सहीवर ह्यांचा वर्ग होता, त्याचं मनगट ह्यांनी सगळ्यांसमोर धरलं होतं, आणि सोडत नव्हते. मी जवळ जाऊन कुजबुजले, "सर, सोडा की हात."

माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "फेस बसू दे."

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मग त्यांची मूठ उघडली. त्यांनी तुकडा रुमालावर परत ठेवला, नीट, मधोमध. सरांनी मनगट सोडलं आणि लगेच फळ्याकडं वळले. "आता सांगा पावणं, सरकारचं कुठं चुकलं? फोडायच्या आधी लई मागितलं. फोडायच्या आधी कुणालाच ठावं नसतंय आत काय हाय. तेव्हा थोडं घ्या, आणि फोडल्यावर जसं निघंल तसा वाटा घ्या. खोबरं जाड निघालं तर जास्त, पातळ निघालं तर कमी. तेलवाल्यांचा नारळ तर समुद्राच्या तळाला, फोडायचाच खर्च डोंगराएवढा. त्यांना बी हेच." साहेब उभ्यानंच ऐकत होते. तास संपल्यावर ते चहा न घेता गेले. करवंटी त्यांच्या हातातच होती.

सरांनी गेटबाहेर जाऊन तुकडा एका शाळकरी पोराला दिला आणि परत येऊन माझ्या टेबलासमोर बसले. "ताई, लई जोरात धरला व्हय हात?"

"लई."

"धरायलाच पायजे हुता." त्यांनी रुमालाची घडी घातली. "गेला का वर्ग?"

"गेला असंल," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मिसळ खायाची का?" त्या दिवशी ते शीळ न घालता जिना चढले, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

बरेच दिवस पुण्याहून काही आलं नाही. मग एका दुपारी साहेबांचाच फोन आला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, फोनवर कुणाला दिसतंय! ते म्हणाले, "मॅडम, त्या तुकड्याचं शेवटी काय झालं?"

"गेटसमोरच्या एका पोराला दिला, साहेब. सर नेहमीच देतात."

"कोण होतं ते पोर?"

"माहीत नाही. कुणीही असतं."

मग म्हणाले, "व्हिडिओ करा. घाट चढून येणाऱ्यांना ते बरे. पण वर्गही चालू राहू द्या. आणि पुढच्या लिलावाला मला बोलवा, आता मी एवढी बोली लावणार नाही." करवंटी त्यांच्या टेबलावर आहे म्हणाले, त्यात पिना ठेवतात. मी फोन ठेवला आणि पांडबाला मिठीच मारायची बाकी ठेवली. पुढं लेखा शाखेनं शैक्षणिक साहित्याखाली नारळ कसा, आणि वापरानंतर तो कुठं जतन केला, असं विचारलं. मी उत्तर लिहिलं, "वापरात फुटतो." मंजूर झालं.

यंदा सरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिना चढवेना. म्हणाले, "ताई, आता लिलाव तुम्ही घ्या."

"मला काय येतंय त्यातलं?"

"भांडायला येतंय की! सरकारच्या बाजूनं भांडणारं माणूस पायजे. बाकीचं पुस्तकात हाय."

तर मागच्या तुकडीला मी उभी राहिले. प्रोजेक्टरवर टॉवेल टाकला, माझा स्वतःचा. ऊस विचारला, खोडवा विचारला, नारळ ठेवला. आणि बघते तर शेवटच्या बाकावर सर. जिन्याला धरून, पांडबाच्या खांद्यावर हात टाकून वर आले होते. बोली सुरू झाल्यावर त्यांनी असला धुमाकूळ घातला की कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. नारळ त्यांनाच सुटला. फोडला, वाटण्या झाल्या, मी तुकडा रुमालावर ठेवला. मग कंपनी टेबलापाशी आली आणि गयावया करायला लागली. म्हातारा माणूस हाय, गुडघं गेल्यात, मजूर रडत्यात, बायकोनं स्कूटर नेली. वर्ग हसून हसून लोळत होता. नव्या पोरांना काही कल्पना नव्हती, त्यांनी सवलतीला हात वर केले. आणि सरांनी बोलता बोलता, अगदी सहज, रुमालावरचा तुकडा उचलला.

मी मनगट धरलं. केवढंसं हाडकुळं मनगट ते! धरल्यावर कळलं.

"हात लावायचा न्हाय," मी म्हटलं.

"अगं, मी हाय की."

"कुणी का असंना. सोडा."

वर्ग हसायचा थांबला. सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग मूठ उघडली, तुकडा रुमालावर ठेवला, मधोमध. "बरं हाय," म्हणाले. "बरं हाय. आता बसतो घरी." आणि पांडबाला धरून जिन्यानं खाली निघाले. उतरताना शीळ ऐकू आली.

तास संपवून मी रुमाल घेऊन गेटबाहेर गेले, तर काकू स्कूटर चालू करून उभ्या, आणि सर खाणीतल्या बुटांसकट मागं बसायची खटपट करत होते. "धरून बसा, पडशीला," काकू ओरडत होत्या. रस्त्यानं पहिलं पोर आलं ते एक मुलगी, शाळेतनं सुटलेली, एक मोजा खाली घसरलेला. मी तिच्यापुढं रुमाल धरला. तिनं खोबरं उचललं, तोंडात टाकलं आणि कुणाचं, कशाचं, काही न विचारता चावत चावत निघून गेली.